खाटेवर मला बांधले तेव्हा मी गप्प का राहिलो, याबाबत

नाव चांगू जानू उतेकर, वय ६४, धंदा शेती, रा. कापडे, ता. पोलादपूर, जि. रायगड. मोबाइल नाही, मुलाचा आहे.

ताप उतरल्याने मी आज रुग्णालयातून परवानगी घेऊन पोलीस ठाण्यात माझ्या पायांनी आलो असून, विचारल्यावरून खरे ते सांगतो.

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. माझी बायको आवडी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वारली. मुलगा अनिल मुंबईत कुरियरचे काम करतो. काल त्याने इथे तक्रार दिली की, महाडच्या रुग्णालयातील वॉर्डबॉय बुद्धरत्न काशीराम हाटे याने मला खाटेवर बांधून, गुदमरवून मारण्याचा प्रयत्न केला. तक्रार देताना मला कोणी विचारले नाही. माझे म्हणणे वेगळे आहे.

लावणी उरकल्यावर मला ताप भरला. अंग ठणकू लागले, डोळे लाल झाले. पोलादपूरच्या गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा अनिल मुंबईहून आला आणि मला महाडला घेऊन गेला. डॉक्टरांनी लेप्टोच्या तापाचा संशय सांगितला आणि वॉर्डात खाट रिकामी नव्हती म्हणून कोपऱ्यातल्या खोलीत एकट्याला ठेवले. ती पूर्वी कोरोनाची खोली होती हे मला तेव्हा माहीत नव्हते. आवडीला याच रुग्णालयात ठेवले होते, पण मला गेटच्या आत कोणी सोडलेच नाही, तर खोली कशी ओळखणार?

मला डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची सवय आहे. आमच्याकडे डास फार. आवडी त्यावरून करवादायची, "मढ्यावानी काय निजता? माजं काळीज उडतं." ती बोलून थकली, सवय काही गेली नाही. काल दुपारी जेवून मी तसाच निजलो होतो. सलाइन काढलेली होती. अनिल खाली शहाळे आणायला गेला होता.

तेवढ्यात बुद्धरत्न आत आला. चालीवरूनच मी त्याला ओळखले. हा मनुष्य एका जागी ठरत नाही. मी दाखल झाल्यापासून त्याला बसलेला पाहिला नाही. खिडकीची कडी लावायची, ओढून बघायची, काढायची, परत लावायची. हात धुवायचे, पुसायचे, परत धुवायला जायचे. हातांची साले निघाली आहेत. मी त्याला म्हटलेही होते, "अरे बस की जरा, पायाला भिंगरी लावलीस काय?" त्यावर तो हसून "नाय बसवत, बाबा" म्हणाला आणि पुन्हा कडी बघायला गेला.

काल त्याने माझी चादर पायांशी खोचली आणि चादरीवरूनच माझे हात अंगालगत सरळ केले. मला वाटले, पांघरूण नीट करतो आहे. मग त्याने बँडेजची पट्टी घोट्यांभोवती फिरवून गाठ मारली. मग गुडघ्यांना, मग कमरेला. तेव्हा माझ्या लक्षात आले की हा मला मेलेला समजतो आहे.

साहेबांनी विचारले की, ओरडलात का नाही. ओरडणार होतो. तोंड उघडलेही होते. पण तो बोलायला लागला.

तो म्हणाला, "घाबरू नका, बाबा. जरा घट्ट वाटंल. तुमची मानसं गेटवर उभी हायत. त्यांना आत सोडीत नाय म्हनून राग धरू नका. मी जातो नि सांगतो त्यांना, झोपेत गेलात म्हनून, तरास नाय झाला म्हनून. गाडी एकच हाय, उशीर लागंल. तवर मी हाय हितं."

हे त्याने मोठ्याने म्हटले नाही. ताप आलेल्या पोराशी बोलतात तसा बोलला.

आवडी गेली त्या दिवशी गेटवर मी उभा होतो. हातात पेजेचा डबा होता. अंगभर पांढरा पोशाख केलेला एक माणूस बाहेर आला, तोंड झाकलेले, आणि म्हणाला, "झोपेत गेली, तरास नाय झाला." मी त्याला शिवी दिली. मला वाटले, सगळ्यांना हेच सांगत असतील. तिचे दहन महाडलाच झाले. तिचा चेहरा मला दिसला नाही. तेव्हापासून माझे एकच चालले होते, की शेवटी तिच्याजवळ कोणी होते की प्लास्टिकमध्ये घालून गाठोडे फेकावे तशी फेकली. शेतात असलो तरी तेच, जेवताना घास हातात असला तरी तेच. मी हे अनिललाही बोललो नव्हतो.

इतक्यात अनिल आला. त्याने शहाळे टाकले आणि बुद्धरत्नला मारायला सुरुवात केली. बुद्धरत्नने हात उचलला नाही. तो खाली पडून फक्त म्हणत होता, "आत येऊ नका, शिवू नका, तुमालाबी लागंल." त्यामुळे अनिल जास्तच भडकला. मला उठता येईना. मी पांघरुणाच्या आतून ओरडलो, "अरे सोड त्याला! मी जिता हाय!"

त्यावर अनिलचा हात थांबला. बुद्धरत्न गुडघ्यांवर सरकत आला आणि त्याने माझे तळपाय दोन्ही हातांत धरले. "गरम हायत," असे तो म्हणत राहिला. त्याला रडू आवरेना. मलाही आवरले नाही.

नर्स उज्वलाताईंनी कात्रीने गाठी कापल्या. गळ्याशी किंवा नाकाशी गाठ नव्हती. पुढे मारली असती की नाही, ते मी सांगू शकत नाही. खोटे बोलणार नाही.

उज्वलाताई नंतर मला म्हणाल्या, "बाबा, तो एकटा नाही. माझ्या घरी कुकर फुसफुसला तरी ऑक्सिजन गळतोय म्हणून मी उठून धावते. तेव्हा आम्हाला शाल-नारळ दिला, फोटो काढले. झोप लागते का, असं कुणी विचारलं नाही. त्यानं ती खोली नको म्हणून किती वेळा सांगितलं. माणसं नाहीत, असं वरिष्ठ म्हणाले. आता गुन्हा दाखल झाला तर नोकरी तर जाईलच, आतही जाईल."

अनिलबद्दल सांगतो. त्याची आई गेली तेव्हा तो मुंबईत स्वतः आजारी, खोलीत बंद होता. त्याला ना गेट मिळाले, ना डबा. त्याचा राग या माणसावर नाही, हे बाप म्हणून मला कळते. त्याला ते अजून कळलेले नाही.

आज ठाण्यात आलो तेव्हा बुद्धरत्न बाकावर होता. बसत होता, उठत होता, दाराची कडी बघत होता. मी त्याला विचारले, "आवडी चांगू उतेकर. आठवते काय रे?"

तो म्हणाला, "नावं नाय ऱ्हायली, बाबा. पाय आठवतात. बांधायला पायांपासून घ्यायचो."

मी त्याला सांगितले की तिच्या टाचा चिखलाने भेगाळलेल्या होत्या आणि डाव्या घोट्यावर कोयत्याचा जुना वण होता. त्याने माझ्याकडे पाहिले. हो म्हणाला असता तर मी खूश झालो असतो, हे त्यालाही दिसत होते. तो म्हणाला, "भेगा लय जणींच्या होत्या. खोटं कशाला सांगू? पन बोललो असंन. बोलल्याबिगर एकबी गाठ मारली नाय मी."

मला तेवढे पुरे आहे.

माझी बुद्धरत्न हाटे याच्याविरुद्ध तक्रार नाही. त्याला आत न टाकता मनाच्या डॉक्टरकडे न्यावे आणि त्या खोलीतून काढावे, असे माझे सांगणे आहे. अनिलने काय करायचे ते अनिलने सांगावे. मी जबाब देताना तो माझ्यामागे उभा होता. पेजेच्या डब्याचे सांगितले तेव्हा तो बाहेर गेला. मघाशी परत आला आहे आणि बाकावर बुद्धरत्नच्या शेजारी बसला आहे. 

वरचा सगळा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच उतरला आहे. फक्त एका जागी "भीतीमुळे गप्प राहिलो" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मला भीती नव्हती. मला पुढचे ऐकायचे होते.

सही
चांगू जानू उतेकर