दगडावरची बुरशी

हसणार नसाल तर सांगतो, कारण मला ह्याचा अजून उलगडा झालेला नाही.

भूकंपानंतर आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, म्हणून ती आणखी खोल घेत होतो. त्यात एक पोकळ दगड फुटला. आत गारेचे, म्हणजे गारगोटीचे, चकचकीत दाणे. लातूरला माझ्या नातीच्या क्लासचे सर असले दगड गोळा करायचे. त्यांनी पोरीला आपल्या घरी वेगळं बसवून गणित शिकवलं होतं. आपल्याकडून त्यांना काहीतरी जावं, एवढीच माझी इच्छा. गारेवर कापसासारखी बुरशी धरली होती. दोन दिवस बसून ती बाभळीच्या काट्यानं सगळी काढली अन् दगड नेऊन दिला.

सर बघतच राहिले. "आप्पा, ह्याच्यावर पांढरं काही नव्हतं?"

"व्हती की बुरशी. साफ केली."

"अहो, ती पांढरी लव हाच तर दुर्मिळ दगड! गार काय, कुठंही मिळते."

"दगडाला लव असती व्हय, सर?"

"ह्या दगडाला असते, आप्पा."

गावी येऊन आठ दिवस विहिरीवरचा ढिगारा उपसला. तसाच एक फुटका पोकळ दगड सापडला, आत पांढरी मऊ लव. एसटीत मांडीवर धरून नेला. शेजारच्याला शिंकूसुद्धा दिलं न्हाई.

सरांनी भिंग लावलं. तेवढ्यात त्या कापसातून एक कोळी निघाला अन् सरांच्या मनगटावर चढला. सर हसून हसून खाली बसले.

मला काही उमगेना. हळूच विचारलं, "मग सर, हे तरी पुसू का?"