मॉलिब्डेनमच्या नळीचा मुक्काम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या संस्थेचे संचालक, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती बाई, त्यांचे यजमान व कन्या, माझे सहकारी, आणि दाराजवळच्या रांगेत पळण्याच्या तयारीने बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

आधी वस्तुस्थिती सांगते, क्रमाने. बाई आज निवृत्त होत आहेत. त्यांची मॉलिब्डेनमची भट्टी येत्या सोमवारी मध्यवर्ती विभागात हलवली जाणार आहे. तशी सूचना फलकावर लागली आहे. बाईंच्या शेवटच्या विद्यार्थिनीचे निम्मे नमुने त्या भट्टीतून अजून निघायचे आहेत. आणि हा निर्णय घेताना बाईंना, त्या मुलीला किंवा तिचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या मला कोणीही एका शब्दाने विचारलेले नाही.

निरोपाच्या भाषणात हे कशाला, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला इथूनही वाचता येतो. उत्तर ओघात येईल.

मघाशी चहाच्या वेळी बाईंच्या यजमानांनी मला विचारले, “इतकी वर्षं ही त्या भट्टीत नेमकं काय शिजवते, ते एकदा माणसाला कळेल असं सांगाल का?” प्रश्न रास्त होता. मॉलिब्डेनम हा पोलादाला बळकटी देणारा धातू. गंधकाशी त्याचा संयोग झाला, की बोटाला बुळबुळीत लागणारा करडा पदार्थ तयार होतो आणि तो यंत्रांच्या वंगणात घालतात. बुळबुळीत का, तर त्याचे थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून घसरतात. यातला एकच पत्ता सुटा मिळवला, तर त्याची जाडी उरते तीन अणूंची: मधे मॉलिब्डेनम, वर आणि खाली गंधक. मग त्याचा स्वभावच पालटतो. ढिगात असताना प्रकाश टाकला तरी जो ढिम्म बसतो, तोच सुटा झाला की चमकू लागतो. त्याचे ट्रान्झिस्टर होतात, हवेतला विषारी वायू हुंगणारे संवेदक होतात. त्याच्या कडांवर पाण्यातला हायड्रोजन सुटा होतो.

यजमान शांतपणे म्हणाले, “एकटं राहिलं की खुलणारा स्वभाव. समजलं. घरी तेच आहे.”

आता नळीविषयी. भट्टीत क्वार्ट्झची एक आडवी नळी असते. तिच्यात एका टोकाला गंधक, मधे मॉलिब्डेनम ऑक्साइडची पूड. दोघांच्या वाफा भेटल्या, की सिलिकॉनच्या चकतीवर तीन कोनांचे इवले स्फटिक उमलतात. बाईंचा नियम असा, की त्या नळीत मॉलिब्डेनमखेरीज दुसरा धातू जाणार नाही आणि नळी कधीही धुतली जाणार नाही. तिच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे जमलेले पुटही स्फटिक घडवण्यात भाग घेते. विद्यार्थी तिला ‘आत्याबाई’ म्हणतात. घरात दुसऱ्या कोणाचे चालू देत नाही म्हणून.

कन्येच्या बाळंतपणासाठी बाई एकदा रजेवर गेल्या होत्या. नेमकी तेव्हा पाहणी समिती यायची होती. आजचे अध्यक्ष तेव्हा उपसंचालक होते. त्यांना नळी कळकट दिसली. त्यांनी ती आम्लाने धुऊन घेतली. मी हरकत घेतली. ती ऐकली गेली नाही. बाई परतल्या, दारातच थबकल्या.

“नळी कोणी धुतली?”

“मीच सांगितलं,” सर म्हणाले. “आरशासारखी झालीय ना?”

“झालीय खरी. आता तिच्यात आपलं तोंड बघत बसा.”

त्यानंतर कित्येक महिने स्फटिक उमलला नाही. बाई रोज सकाळी चकती घेऊन माझ्या खोलीत यायच्या, मी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढून मान हलवायची, आणि त्या “बरं” म्हणून निघून जायच्या. त्या पुन्हा भट्टी पेटवत, पुट पुन्हा चढू देत. चिडचिड मी केली, त्यांनी नाही. अखेर एका सकाळी माझ्या पडद्यावर काठ धारदार असलेले त्रिकोण दिसले. मी मागे सरकून त्यांना जागा दिली. बघून म्हणाल्या, “आली का रुसवा सोडून? तुझं तोंडही जरा सरळ कर आता.” संशोधनातील सचोटी म्हणजे काय, यावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. बहुतेक सुमार होती. त्या महिन्यांनी मला जे शिकवले, ते त्यांपैकी एकातही नव्हते.

मध्यवर्ती विभागाचा नियम सर्वांना ठाऊक आहे: प्रत्येक वापरानंतर नळी धुवायची. शिवाय तिथे टंगस्टनवालेही येणार, सेलेनियमवालेही. त्या मुलीचा वायुसंवेदक पहिल्या नमुन्यांशी उरलेल्यांच्या तुलनेवर उभा आहे. नळी बदलली, की तुलना संपली आणि तिचा प्रबंधही. ती हे सांगायला संचालकांकडे गेली होती. तिला मिळालेले उत्तर असे: “अगं, नळी ती नळीच. नवी मागव.” सर, आपण विनोद केलात, असे मी धरून चालते.

काल बाईंनी मला बजावले, “उद्या भांडू नकोस हं. माझा निरोप तरी गोड होऊ दे.” बाई, मी भांडत नाही. आवाजसुद्धा चढवलेला नाही. तुमच्याविषयी चांगले बोलणारे आज पुष्कळ आहेत आणि त्यांचे शब्द खरे आहेत. पण तुमचे काम चालू ठेवणे, याहून मोठा सत्कार मला सुचला नाही.

संयोजकांनी मला बोलू दिले आणि आपण सर्वांनी ऐकून घेतले, याबद्दल आभार. माझ्या बोलण्यात शब्द कमी-अधिक झाला असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. मागणीबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

अध्यक्ष महोदय, ती मुलगी प्रबंध सादर करेपर्यंत नळी आहे त्या खोलीत, आहे त्या स्थितीत राहील की नाही? आपण आत्ता मान हलवलीत, ती मी पाहिली. ती पुरेशी नाही. भट्टीच्या खोलीची किल्ली बाईंनी आज दुपारी रीतसर माझ्या ताब्यात दिली आहे आणि ती माझ्याकडेच राहील. सोमवारी भट्टी उचलायला माणसे पाठवण्याआधी आपले उत्तर मला लेखी, सहीनिशी मिळावे.