बेचाळीस दिवसांचा तक्ता

…आणि वर म्हणतात, वेळ द्या. अहो, निवृत्त कारकून मी, तुम्हाला सांगतो, वेळेखेरीज माझ्याकडे देण्यासारखं उरलंय काय? छत्तीस वर्षं टेबलापलीकडच्या माणसाला मी हेच ऐकवलं, 'वेळ लागेल, पुढच्या आठवड्यात या', आणि तो बिचारा यायचा. आता टेबलाच्या अलीकडे मी आहे आणि पलीकडे माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टरीणबाई. फरक पडला का विचाराल, तर एवढाच पडला.

गोळी उदासपणावरची. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही लगेच मोबाइल काढून मला तिचे दुष्परिणाम वाचून दाखवाल, आणि ते काम घरात माझा मेहुणा करतोच. चार महिने झाले, रोज सकाळी एक, सुरुवात पन्नास मिलिग्रॅमची. तोंडाला कोरड पडली, बसल्या जागी घाम फुटायला लागला, हाताला बारीक कंप सुटला… दुष्परिणाम म्हणून जेवढे कागदावर छापलेत तेवढे सगळे वेळेवर हजर झाले. परिणाम तेवढा यायचा राहिलाय. 'वेळ द्या,' बाई म्हणाल्या.

आता उदास म्हणजे रडारड नव्हे हो. रडू आलं तर मी शेजाऱ्यांना चहाला बोलावीन. उदास म्हणजे कसं, की सकाळी पलंगाच्या कडेला बसून एक मोजा चढवला, आणि दुसरा हातात तसाच. ही आत येते. 'अहो, कुठे निघालात?' 'कुठे नाही, मोजे घालतोय.' 'मघापासून?' 'मघापासून.' ती खाली बसते, दुसरा मोजा चढवते आणि जाते. आणि मोजे घालून मी जातो कुठे? कुठेच नाही. समोर पुस्तकांचं कपाट आहे, ताटाला टेकवून पुस्तक वाचणारा माणूस मी, आता पुस्तकांच्या पाठी बघत बसतो. ना ती मला बोलावतात, ना मी त्यांना.

तर दोन महिन्यांपूर्वी बाईंनी मला एक तक्ता दिला. बेचाळीस दिवस, बेचाळीस रकाने. रोज संध्याकाळी मनाला दहापैकी किती गुण ते लिहायचे आणि पुढे शेरा. 'यावरून डोस वाढवायचा का ते ठरवू,' म्हणाल्या. मी घरी आलो, तक्ता कपाटात ठेवला आणि बेचाळीस दिवस त्याच्याकडे बघितलं नाही. रोज काय लिहायचं, सांगा? दोन. दुसऱ्या दिवशी? दोन. स्वतःच्या हाताने रोज संध्याकाळी दोन लिहायला अंगात जीव लागतो, आणि तो असता तर मी तीन नसते का लिहिले?

मग उजाडला तपासणीचा दिवस. आणि तुम्हाला सांगतो, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगात हुशारी आली. अहो, तपासणीच्या सकाळी कोरी नोंदवही भरणं, यात माझी हयात गेली. झाडं लावण्याचा मासिक अहवाल माझ्याकडे होता, एक अख्खं जंगल मी खुर्चीवरून न उठता वाढवलंय, त्याला कधी कीड लागली नाही. बसलो टेबलाशी, पट्टी घेतली, दोन पेनं घेतली, एक निळं एक काळं, सगळं एकाच शाईत असलं की पकडतात. सुरुवात दोनने. मग तीन, पुन्हा दोन, तीन, चार. सरळ चढत गेलेला आकडा कोणीही ओळखतो, म्हणून मध्ये एक घसरण घातली आणि शेरा मारला, 'पोट बिघडल्याने'. शेवटच्या आठवड्यात सहा, सहा, सात. 'सकाळी फिरून आलो, प्रसन्न वाटले.' 'वाचन केले.' शेवटी सवयीने 'प्रगती समाधानकारक' लिहून सही ठोकली. सही कोणी मागितली नव्हती.

बाईंनी तक्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तक्ता. 'काका, कागदावर तुम्ही छान सुधारताय. चेहऱ्यावर मात्र मला तसं दिसत नाही.' मी म्हटलं, 'चेहरा मूळचाच तसा आहे.' त्या हसल्या नाहीत. 'डोस वाढवता येईल, किंवा आहे तोच ठेवू. आठवडाभर विचार करा, तुम्हाला आतून काय वाटतं ते फोन करून सांगा.' आतून. आतून काही वाटत असतं तर इथे कशाला आलो असतो?

आणि ही शेजारच्या खुर्चीवर. तिने तो सात बघितला. तिने मान हलवली, पदराने चष्मा पुसला, आणि बाहेर पायऱ्यांवरच मुलीला फोन. 'अगं, बाबांना सात आलेत.' जसा काही मी परीक्षेला बसलो होतो. त्या दिवसापासून घरात ही गुणगुणायला लागली, तुम्हाला सांगतो, ओट्यापाशी उभी राहून, कित्येक महिन्यांनी. आता बोला. डोस वाढवा म्हणावं, तर सात खोटे ठरतात आणि गुणगुणणं बंद. वाढवू नका म्हणावं, तर मी आणि माझा मोजा.

मेहुण्याला विचारलं. 'भाऊजी, गोळ्यांच्या नादी लागू नका, मन खंबीर करा.' म्हटलं, खंबीर मनाची गोळी कुठे मिळते का बघ, पन्नासची चालेल. 'तुम्ही कशातच सिरियस नसता,' म्हणाला आणि फोन ठेवला. मी आणि सिरियस नाही.

पण खरं सांगू? हिचं गुणगुणणं हे अर्धंच कारण. आज म्हणता येतं की डोस कमी पडतोय. शंभरची सुरू केली आणि तिनेही काही झालं नाही, मग? मग कोणाला दोष देऊ? वरच्या साहेबाकडे अर्ज गेलेला नाही तोवर माणसाला आशा असते. अर्ज फेटाळून परत आला की कपाटाला कुलूप. म्हणून मीही सगळ्यांना तेच सांगत सुटलो, बघू, वेळ देऊ.

सहा दिवस गेले. सातव्या दिवशी दुपारी मी हिला म्हटलं, 'ऐक. तो तक्ता खोटा आहे.'

ती भांडी पुसत होती. 'माहीत आहे,' म्हणाली.

'माहीत आहे म्हणजे?'

'वीस तारखेला लिहिलंत, सकाळी फिरून आलो, प्रसन्न वाटले. वीस तारखेला तुम्ही दुपारी तीनपर्यंत पांघरुणातून तोंड बाहेर काढलं नव्हतंत. दोनदा चहा गरम केला मी.'

'मग पोरीला सात कशाला सांगितलेस? आणि ते गुणगुणणं?'

तिने फडकं झटकलं, दोरीवर टाकलं, नीट सारखं केलं. 'मला वाटलं, मला बरं वाटतंय असं दिसलं तर तुम्हाला जरा बरं वाटेल.'

म्हणजे बघा. छत्तीस वर्षं मी खोट्या नोंदी केल्या, साहेब बदलले, तपासणीस बदलले, एकाला पत्ता लागला नाही. आणि इथे सात दिवस समोर खोटी नोंद चालू होती, सुरात चालू होती, मला कळली नाही.

तिनेच फोन लावून माझ्या हातात दिला. मी बाईंना खरे गुण सांगितले, दोन, बेचाळीस वेळा. बाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं होतं. 'काका, हे आधी कळलं असतं तर आठवडा वाचला असता. उद्यापासून शंभरची घ्या, आणि पुन्हा सहा आठवडे वेळ द्या.' मी विचारलं, 'आणि तिनेही काही झालं नाही तर?' त्या म्हणाल्या, 'तर दुसरी गोळी बघू.' दुसरीही आहे म्हणे. ऐकून बरं वाटायला हवं होतं, नाही का?

आता नवा तक्ता आहे. रोज संध्याकाळी ही समोर बसते, मी एकाच पेनाने खरा आकडा लिहितो. वीस दिवस झाले. दोन. काल चुकून हिला विचारलं, 'तुझे किती?' 'तीन,' म्हणाली, 'खरं सांगायचं तर अडीच.' घरात आता खोटं कोणी बोलत नाही. त्यामुळे बोलणंच फारसं होत नाही.