एक वाजताचा निरोप

झानारबेक : शंभर घरांत तेरा, तोक्तोबुबू एजे; थोरल्या बहिणीपासून काय लपवू? तुम्ही निवेदिका होतात तेव्हा सेहेचाळीस घरांत आपला रेडिओ लागायचा. मी तुमच्या जागी बसलो आणि वर्षात तेरावर आलो. शुक्रवारी राजधानीत, बिश्केकला बैठक आहे. इथलं केंद्र बंद करून तिकडचाच कार्यक्रम पुढे सोडायचा, असं चाललंय.

तोक्तोबुबू : तेरा तरी कोण रे? बटण सापडत नसेल त्यांना.

झानारबेक : करा थट्टा. मी काय कमी केलं? दर तासाला बातम्या सुरू केल्या. मोठमोठे जाणकार बोलावले, चर्चा ठेवल्या. लोकांना मोबाइल मिळाला, त्याला मी काय करू?

तोक्तोबुबू : वर कुरणात कुठला आलाय मोबाइल? ते राहू दे. तेवीस वर्षं बोलले मी या खोलीतून. तिला कुलूप लागलं तर मलाही जेवण जायचं नाही. पण आत्ता सव्वाबारा झालेत आणि मी कामाला आलेय. हा कागद वाच.

झानारबेक : 'आशिम, वय एकाहत्तर, आज पहाटे...' म्हणजे बसवाले आशिम गेले?

तोक्तोबुबू : गेले बिचारे. झोपेतच. धाकटा मुलगा तिलेक वर सारी-तालच्या कुरणात मेंढ्या घेऊन आहे, एकटा. त्याला बोलवायचंय. घरचे सकाळी माझ्या दारात आले.

झानारबेक : तुमच्या? रेडिओ इथे असताना? मी एकच्या बातम्यांत पहिल्या ओळीत दिलं असतं.

तोक्तोबुबू : म्हणूनच तुझ्याकडे आले नाहीत.

झानारबेक : हे मला कळलं नाही.

तोक्तोबुबू : बस, सांगते. मे महिन्यात चोरोबेकची आई गेली. आठवतं? काय वाचलं होतंस?

झानारबेक : जे होतं तेच. नाव, वय, गेल्याची वेळ, दफन कधी. घरच्यांनी कागद दिला, दहा मिनिटांत बातमी गेली. एवढ्या लवकर पूर्वी कधी गेली नव्हती.

तोक्तोबुबू : चोरोबेक तेव्हा वर कुरणात घोडीची धार काढत होता. तंबूत दुसरं माणूस नाही. रेडिओ म्हणाला, तुझी आई मेली. पोरगं तसंच खोगिराशिवाय घोड्यावर बसलं आणि गारपिटीत घाट उतरलं. नदीत घोडा गेला. तो वाचला, पण हात मोडून घरी आला. आईला मूठभर मातीसुद्धा धड देता आली नाही त्याला.

झानारबेक : मला कुणीच काही बोललं नाही, एजे.

तोक्तोबुबू : तोंडावर कोण बोलणार? लोकांनी बटण फिरवलं. आपल्यात मरणाची बातमी अशी अंगावर फेकत नाहीत, झानारबेक. चार म्हातारे जमतात, माणसाला मध्ये बसवतात, इकडचं तिकडचं बोलत बोलत तिथवर नेतात. त्याचे खांदे धरायला माणसं असतात. तुझ्या घरी कुणी गेलं तेव्हा तुला कसं सांगितलं?

झानारबेक : आई गेली तेव्हा मी बिश्केकला शिकत होतो. चुलतभावाचा मोबाइलवर संदेश आला. बसमध्ये उभा होतो. दोन शब्द होते.

तोक्तोबुबू : मग?

झानारबेक : मग काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, पुढे सरका. सरकलो.

तोक्तोबुबू : अरे माझ्या लेकरा. आणि मी वर्षभर तुला शिव्या घालत बसले. चहा घे आधी. भाकरीचा तुकडा मोड.

झानारबेक : पाऊण वाजत आला. तुम्हीच वाचा ना. तुमचा आवाज सगळे ओळखतात.

तोक्तोबुबू : तेच नकोय. म्हातारी वर्षानं अचानक का बोलली, म्हणून तिलेक तसाच खोगिराशिवाय निघेल. तू वाच. घाटाचं हवामान सांगून झालं की त्याच सुरात.

झानारबेक : बरं. 'सारी-तालच्या तिलेकसाठी. तुझे वडील आजारी आहेत...'

तोक्तोबुबू : खोटं कशाला? खोटं बोललास तर आयुष्यभर तुला माफ करायचा नाही.

झानारबेक : मग खरं सांगायचं नाही आणि खोटंही नाही, तर बोलू काय?

तोक्तोबुबू : खरं सांगायला म्हातारे बसलेत त्याच्या दारात. तू त्यांच्यापुढे का धावतोस? तू फक्त त्याला खाली आण. 'घरी वडीलधारी मंडळी जमलीत, वाट बघतात. खोगीर नीट आवळ. शेजारच्या तंबूंना विनंती, त्याला एकटं सोडू नका.' बस. शेजारी काय ते समजतात.

झानारबेक : आणि शेजाऱ्यांनीही रेडिओ बंद ठेवला असेल तर?

तोक्तोबुबू : तेवढीच भीती घेऊन जिना चढले मी. तुझे ते तेरा तिथे असले तर बरं.

झानारबेक : एक वाजला, एजे.

तोक्तोबुबू : बस माइकपुढे. आवाज सांभाळ. लाव तो प्रक्षेपणाचा दिवा.

(निरोप जातो. दोघं फोनजवळ बसून राहतात. साडेतीनला फोन वाजतो.)

ओमुराली : हॅलो, रेडिओ का? म्या ओमुराली, सारी-तालचा. डोंगराच्या सोंडेवर चढलोय फोनपायी, दम खाऊ द्या जरा. तो निरोप तुमीच वाचला न्हवं?

झानारबेक : हो, मीच. बाय्के, दादा, तुम्ही ऐकला?

ओमुराली : म्या कशाला ऐकतोय! आमची बाई ऐकती. रोज एकला लावती, तुमाला शिव्या घालाया. आज मात्र म्हनली, अहो उठा, घोडी काढा.

तोक्तोबुबू : ओमुराली, मी तोक्तोबुबू. पोर कुठंय?

ओमुराली : आमच्या तंबूपाशी हाय, एजे. त्यानं बी ऐकलं म्हनं. आमी चौघं जातोय त्याच्यासंगं. मेंढ्या बायका बघतील.

झानारबेक : त्यानं काही विचारलं का, बाय्के?

ओमुराली : न्हाय. चहा दिला, प्यायला. आता खाली घोड्यापाशी उभा हाय, हितनं दिसतोय. खोगिराचा पट्टा आवळून झालाय, पर परत सोडतोय आन् परत आवळतोय. आमी घाई करत न्हाय. बरं, ठेवतो. उजेडात घाट उतराया पायजे.

तोक्तोबुबू : जा बाबा. सांभाळून न्या त्याला.

झानारबेक : ...एजे, शुक्रवारी बैठकीत मी काय सांगू?

तोक्तोबुबू : शुक्रवारचं शुक्रवारी. वर सगळ्या बायकाच राहिल्यात, मेंढ्या घेऊन. आज रात्री तिकडे पाऊस आहे का, ते हवामानवाल्यांना विचार आणि पाचच्या बातम्यांत सांग त्यांना.