हो म्हनायला काय जातंय

...नाय नाय, तुमी बसा ना ताई, दादा तुमी पन बसा, बाकडं रिकामंच हाय, आनि तुमचं हो यायला टाईम लागनार हे मी तुमाला आत्ताच सांगून ठेवतो. कोनाकडं जायचंय? सी विंग? मग तर टेकाच. सी विंगला नेटवर्क नाय. तिथं मानसाच्या हातातला फोन नुस्ता घड्याळ म्हनून चालतो, आनि इथं हा वॉचमन कुंदन टॅब घेऊन उभा, त्यावर गोल फिरतोय... फिरतोय... आनि आपन सगळी शानी मानसं त्या गोलाकडं बगत बसलोय. मी? मी इथलाच ओ. देवजी घरत. बी विंग, चौदावा मजला, दारावर पाटी हाय माज्या नावाची. मग मी इथं गेटावर काय करतो म्हनता? तेच तर सांगतोय तुमाला, मगासपासनं कोनी विचारलंच नव्हतं.

हे ॲप बगितलंत? द्वारपाल नाव त्याचं. तुमी इथं आलात की हा कुंदन तुमचं नाव टाकनार, फोटो काढनार, कोनाकडं विचारनार, कशाला विचारनार, मग वर घरात फोन वाजनार आनि फोनातली बाई गोड आवाजात बोलनार, 'आपल्याकडे अमुक अमुक आले आहेत. आत घेऊ का?' खाली दोन बटनं. हिरवं हो, लाल नाय. आता तुमाला खरं सांगतो, त्या लाल बटनाला माजं बोट आजपर्यंत लागलेलं नाय. का लागंल? हा गेट हाय ना, तुमी बसलाय तिथं, इथं आमची भाताची खाचरं होती. पलीकडं खाडी. घराला ओटा. ओट्यावर कोन पन येऊन बसायचा, आनि आमची आये पयलं पान्याचा तांब्या पुढं करायची, मग विचारायची, 'कुठला रं तू, बाला?' पानी प्यायच्या आदी नाव विचारायचं नाय, ही आमची रीत. इथं काय? पयलं नाव, मग तोंडाचा फोटो, मग कामधंदा, आनि पानी? पानी त्या कोपऱ्यातल्या नळाला, ते बी सकाळचं. पन ठीक हाय, म्हनलं, जमाना बदलला, आपन बटन दाबू. दारात आलेल्या मानसाला नाय म्हनायची आपल्याला सवय नाय, आनि हो म्हनायला काय जातंय?

आनि एक सांगू का, रागवू नका... मला तो फोन वाजलेला आवडायचा. चांगुना, माजी बायको, गेली. लेक केतन बंगळूरला, मोठ्या आयटी कंपनीत, सून स्नेहल पन तिथंच. तीन खोल्या, दोन गॅलऱ्या, एक मी. केतनचा फोन रविवारी, तो बी जेवता जेवता. गेटाचा फोन रोज! मग तुमीच सांगा, जवळचं कोन, लेक का गेट? फोन वाजला की मी गंजी काढून शर्ट घालायचो. कोनतरी येतंय! आता येनारा कोन? कधी पान्याच्या मशीनवाला, कधी विमावाला, एकदा गादीवाला आला, गादी मी घेतली नाय, पन मानूस जेवून गेला. बांगड्याचं कालवन होतं. जाताना म्हनला, 'काका, आईच्या हातची आठवन आली.' आता ते मीच केलेलं. पन ऐकून बरं वाटलं ओ, खोटं कशाला बोलू.

मग झालं काय, ही डिलिव्हरीवाली पोरं लय हुशार. ज्याचं पार्सल त्याच्या घरी नेटवर्क नसलं, कोनी उचललं नाय, की हे खाली सांगायचे, 'बी चौदा-दोन मारो, वो चाचा हां बोलता है.' म्हनजे मी सगळ्या सोसायटीचा हो! पिझ्झा ए विंगचा, हो मी म्हनतोय. औषध सी विंगचं, हो मी म्हनतोय. मी म्हनायचो, बाबांनो, आलायत तर वर येऊन पानी तरी पिऊन जा. यायचे. गूळ-पानी घ्यायचे. तिकडं पिझ्झा थंड.

मग आमचा सेक्रेटरी, निशांत. पोरगा चांगला हाय, पन बोलतो असा का समोर मीटिंगच भरलीय. 'अंकल, डेटा काय सांगतो, सोसायटीत सगळ्यात जास्त व्हिजिटर तुमच्या फ्लॅटला. सिक्युरिटी इश्यू आहे. तुमच्याकडे नक्की चालतं काय?' म्हनलं, बोलनं चालतं. 'बोलणं म्हणजे?' म्हनलं, बाला, एक जन काहीतरी बोलतो, मग दुसरा बोलतो, तुमच्यात नसंल. त्यानं लगेच केतनला मेसेज टाकला, केतन रविवार सोडून बुधवारी बोलला, म्हनजे बगा प्रकरन किती वर गेलं. 'बाबा, असं कुणालाही आत घेऊ नका हो. मी सेटिंग बदलतो. यापुढे अप्रूव्हल माझ्याकडे येईल. मी इथून हो म्हणेन.' बंगळूरवरून! माज्या दारात कोन आलाय ते बंगळूरला कळनार आनि मला नाय. मी म्हनलं, अरे पन... तर म्हने, 'बाबा, आपला देश आयटीत कुठल्या कुठं गेलाय. अंतर ही गोष्टच राहिली नाही. उद्या तुम्ही घरबसल्या डॉक्टरला दाखवाल.' तर दाखवलं ना डॉक्टरला! डॉक्टरीनबाई फोनात आल्या, म्हनल्या 'आ करा', मी आ केला, आनि नेटवर्क गेलं. आता त्यांनी बगितलं का नाय बगितलं कळायचं कसं? मी आपला आ करून बसलो... बसलो... दाढ दुखायला लागली, ती पयले दुखत नव्हती. देश कुठल्या कुठं गेलाय, कबूल, मी कुठं नाय म्हनतो? हो म्हनायला काय जातंय? पन देश पुढं जाताना मागं वळून बगतो का नाय, का त्याला पन नेटवर्क नाय?

थांबा, मेन गोष्ट ऱ्हायली. नारळी पुनव. माजी बहीन पुतळा, पावणे गावात दिलेली, त्या कारखान्यांच्या मधी आजून गाव हाय ना, तिथं. एकच बहीन. लगीन झाल्यापासनं एक पुनव चुकली नाय तिची, पाऊस असू दे, बंद असू दे, टोपली घेऊन येनार म्हनजे येनार. टोपलीत नारळाच्या करंज्या, त्याच्या खाली राखी, आनि सगळ्याच्या वर सुकट, कारन तिला वाटतं हिकडं सुकट चांगली भेटत नाय. त्या दिवशी मी सकाळपासनं नवा शर्ट घालून बसलोय. फोन वाजंना. वाजायचा नव्हताच, तो बंगळूरला वाजत होता! इथं गेटावर तेव्हा मारोती होता, हिंगोलीचा, भला मानूस, पन त्याच्या टॅबमधी खाने चारच. डिलिव्हरी, कॅब, कामवाली, विक्रेता. बहीन असा खानाच नाय. त्यानं टोपली बगितली, सुकटीचा वास घेतला, आनि दाबलं विक्रेता. फोटो काढला. फोटोत काय, तर टोपली. पुतळा बुटकी, टोपली डोक्यावर, कॅमेऱ्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं घेतलं. केतन मीटिंगमधी. त्याला दिसली मच्छीवाली. त्यानं दाबलं लाल.

सख्ख्या आत्याला! पोरगा तिच्या मांडीवर वाढलाय. आनि मारोती तिला काय सांगतो, 'मावशी, वरून नाही म्हणले.' वरून! तिला काय वाटनार? वर कोन ऱ्हातो? मी ऱ्हातो! ती उभी ऱ्हायली म्हने ह्या नळाजवळ. मग हा आडवा दांडा बगताय ना, गाडी आली की वर जातो, त्याच्याकडं गेली आनि म्हनाली, 'भाव मना नाय बोलला. आता ह्योच माजा भाव. आडवा हाय, पन समोर तरी हाय.' आनि राखी बांधली त्याला. ती बगा, आजून हाय, पिवळी, गोंड्याची. गाडी आली की राखी वर, गाडी गेली की राखी खाली. मला कळलं तवा मी खाली धावत आलो, ती गेलेली, आनि पावसात त्या दांड्याचा हात असा वर... मी इथंच रडलो ओ. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं पार्सल हरवलं.

केतनला मी असा झापला, म्हनलं, काढ तुजं नाव त्यातनं, आत्ताच्या आत्ता! माज्या घराचं हो मीच म्हननार. 'बाबा, सॉरी, मला खरंच दिसलं नाही...' रडवेला झाला तो पन. काढलं त्यानं. सगळी सत्ता माज्या हातात. मग पुतळाला फोन लावला, उचलंना. परत लावला, उचलंना. शेवटी काल उचलला आनि काय बोलली, 'माज्या घरान यायचं तर तो फोन घरी ठेवून ये. तो तुजा ऱ्हायलेला नाय.' आता बहिनीनं घातलेली अट, मोडता येते? आज सकाळी फोन लावला चार्जिंगला, दाराला कुलूप, आनि मोकळ्या हातानं पावण्याला गेलो.

काय सांगू तुमाला, दार उघडंच होतं. तिनं पयलं पान्याचा तांब्या पुढं केला. मग म्हनली, 'कोन रं तू, कुठला?' आनि हसली. मग दोघं हसलो, मग दोघं रडलो, मग जेवलो. ही बगा, नवीन राखी, खरी, हातावर. निगताना म्हनली, 'पोचलास की फोन कर रं, नायतर मना घोर लागतो.' हो म्हनलं. हो म्हनायला काय जातंय?

आनि आलो इथं. मारोतीची एजन्सी बदललेली. हा कुंदन, आजच लागलाय, मला म्हनतो, 'किसके पास जाना है?' म्हनलं माज्याच घरी. 'तो अप्रूव्हल लगेगा.' अरे किल्ली हाय माज्याकडं, ही बग! 'वो दरवाजे की है, गेट की नहीं.' आता तो तरी काय करनार, त्याची नोकरी हाय. निशांत बाहेर गेलाय. केतनचा नंबर? नंबर पाठ कोनाला अस्तो आता? तो फोनात हाय, फोन वर हाय. शेजारी नमिताबाईंना विचारलं टॅबवरून, त्यांना माजा फोटो दाखवला, त्या म्हनल्या, 'चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, पण अनोळखी माणसाला आम्ही आत घेत नाही.' बरोबरच हाय, ॲपनंच सांगितलंय तसं. तेवढ्यात एक पिझ्झावाला आला, मला बगून थांबला, 'अरे चाचा, आप इधर?' तो ओळखतो! माज्या घरचा गूळ खाल्लाय त्यानं! पन त्याची ओळख चालत नाय, तो इथला नाय. त्याचं हिरवं झालं, तो गेला आत. मी इथला, मी बाकड्यावर.

घ्या, तुमचं पन आलं. जावा, जावा, ताई, लिफ्ट उजव्या हाताला. नाय नाय, तुमी पाहुने, तुमच्या मागनं मी कशाला घुसू, मी काय चोर हाय? बसतो. पुतळाला तेवढं कळवायचं होतं पोचलो म्हनून... पन पोचलो का नाय ते माजंच ठरंना.

कुंदन, बाला, परत एकदा दाब रे. वाजू दे. वर आत्ता ती बाई गोड आवाजात सांगत असंल रिकाम्या खोलीत, 'आपल्याकडे देवजी घरत आले आहेत. आत घेऊ का?' हो म्हनायला काय जातंय... काय नाय जात, दादा. फकस्त घरात कोनतरी लागतं.