गाण्यात नसलेली खटाखट

हॅलो?… गावठी वीज श्रोता मंडळ, भिवंडी शाखा, अध्यक्ष दीपेश बोलतोय. बँडबद्दल कौतुक असेल तर एक दाबा, तक्रार असेल तर फोन दाबून ठे…

अरे मुआज! बोल, बोल… काय?… मोठ्याने बोल ना… का नाही?

बाथरूममधून? कोणाच्या?

थांब, थांब. तू मस्कतला आहेस, इथपर्यंत कळलं. तुझ्या खोलीवर पाच जणांत एक बाथरूम, तेही माहितीये. मग हे कोणाचं?… मृणालीताईंचं. या कोण?… हां हां, त्या सुपरमार्केटवाल्या! ज्यांनी तुझा बँडचा टी-शर्ट ओळखला… आणि आज घरी जेवायला बोलावलं?… अरे, मग मस्त ना! आपल्याला इथे तो टी-शर्ट बघून काय विचारायचे, आठवतं? "लाईट गेली की तुम्हालाच फोन करायचा का?"

किती जण आहेत?… सहा?

सहा माणसं. एका खोलीत. सगळी गावठी वीज ऐकणारी… नाही, काही नाही. जरा भिंतीला टेकतो.

इथे?… इथे मी. परवा मंडळाची मीटिंग घेतली ना. शंभर टक्के हजेरी होती. मीच ठराव मांडला, मीच अनुमोदन दिलं, विरोधात कोणी नव्हतं. मग वडापाव खाऊन घरी आलो… नाही, धनेश नाही येत आता. त्याची बायको म्हणते, हिरामण गायला लागला की बाळ रडतं… भाविका पुण्यालाच. हां.

ते सोड. जेवायला बोलावलंय तर तू बाथरूममध्ये काय करतोयस?

टाळी वाजवलीस… मग? गाण्याला टाळीच वाजवणार ना, शिट्टी मारली का?… कुठल्या गाण्याला?… 'उंबराखाली बस थांबत नाही'. बरोबर. तिसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात, हिरामणही गप्प, आणि मग ती खटाक-खटाक, खटाक-खटाक. तिथेच तर टाळी! शाळेपासून तिथेच…

नाही म्हणजे काय?… खटाक नाही म्हणजे?

अरे कापली असेल. हे अ‍ॅपवाले काहीही कापतात… सीडी? मूळची सीडी आहे त्यांच्याकडे? वीस वर्षांपूर्वीची?… आणि तिच्यातही नाही?

म्हणजे तिथे सगळे डोळे मिटून बसलेले… एकदम शांत… आणि तू एकटा…

जोरात वाजवलीस?… मानही हलवलीस?… "हेय हेय" पण केलंस?

मी हसत नाहीये… खोकला आला. लूमवर कापूस उडतो, माहितीये ना तुला… हो. हो, आज शुक्रवार, लूम बंद असतात, कापूस नाही उडत. बरं, हसलो.

कोण काय बोललं?… "ऐकता खरंच, की नुसता टी-शर्ट?"… कोण हा?… ताईंचा नवरा. अरे मस्करी केली असेल… नाही, लागणारच. मस्करीत म्हटलेलं जास्त लागतं, आपण उलट बोलू पण शकत नाही.

मग तू विचारलंस, वॉशरूम कुठेय… आणि तेव्हापासून आतच? मुआज, बिर्याणी खाऊन माणूस इतका वेळ आत बसला की लोकांना वेगळीच काळजी वाटते.

ऐक… ऐक ना… पळून नको जाऊस. मस्कतला गेल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी घरी बोलावलंय तुला. आज असा निघून आलास ना, तर पुन्हा त्या घराची बेल नाही वाजवणार तू. ओळखतो मी तुला… खिडकीतून? मजला कितवा?… चौथा. मग तर नकोच.

हो रे, कळलं तुला काय विचारायचंय. खटाक आहे की नाही. थांब, आत्ता लावून बघतो. आपल्याच माळ्यावर आहे मी, कारखान्याच्या… अरे, आज मावशीकडे नाही गेलो, आणि घरी बसलं की आक्का भांडी घासायला लावते. हां, पेनड्राइव्ह लावायचा स्पीकर आहे इथे. धर.

आलं ऐकू?… ते कुत्रं गाण्यातलं आहे… नाही, हे दुसरं आपल्या गल्लीतलं.

आता बघ हं… कडवं संपलं… थांबले सगळे… आता बघ… आता…

…

मुआज.

नाहीये रे.

काहीच नाहीये. लांब कुठेतरी पाणी ठिबकतंय. इतकी वर्षं ऐकतोय, तिथे पाणी ठिबकतं हे मला आज कळलं.

हो… हो, तेच असणार. आपलेच लूम. आपण कायम इथे माळ्यावर ऐकलं आणि खाली हे चालू. गाणं थांबलं की यांचा आवाज वर यायचा… शुक्रवारी कधी ऐकलंच नाही ना आपण. शुक्रवारी तू नमाजला, मी मावशीकडे अकलोलीला, गरम कुंडात पाय सोडून… हेडफोनने काय होतंय? आपल्या कामतघरमध्ये कानात बोळे घातले तरी लूम ऐकू येतो. पायातून येतो.

आणि मी येड्यासारखा हिरामणला मेल केला होता, माहितीये? "त्या खटाकला कुठलं वाद्य वापरता?" म्हणून. उत्तर नाही आलं. मला वाटलं, कलाकाराचं गुपित असेल.

हॅलो?… आहेस ना?… रडतोयस की नळ चालू आहे?… बरं, नळ. नळच म्हणू.

एक सांगू? तू बोललास ना, तिथे तुझं हसं झालं… तर मला एक सेकंद बरं वाटलं. म्हटलं, चला, याचं तिथे जमत नाही म्हणजे हा आपलाच राहिला… हो, आहेच मी हरामी. अध्यक्ष आहे म्हणून उघड सांगितलं, साधा सभासद असतो तर नसतं सांगितलं.

आता ऐक. तोंड धू. बाहेर जा. आणि मला स्पीकरवर ठेव… अरे, इज्जत गेलीच आहे ना? मग आता घाबरायला काय शिल्लक आहे? किती सोपं झालंय बघ… जा ना यार. मी आहे. दार उघड… उघडलंस?… हां.

हॅलो… नमस्कार. मी दीपेश, मुआजचा मित्र, भिवंडीहून… नमस्कार मृणालीताई… नाही नाही, तब्येत बरी आहे त्याची… हो, बिर्याणी छान झाली होती म्हणे. आतून सांगितलं त्याने मला… बाथरूमच्या आतून, हो.

ताई, ते टाळीचं जरा सांगायचं होतं. गाण्यात तिथे काही नाही, हे मला पण आत्ताच कळलं. तुमचं बरोबर आहे… आमच्या लूमच्या कारखान्यावर एक माळा आहे. आम्ही दोघं शाळेपासून तिथे हा बँड ऐकत आलो, आणि खाली दिवसभर लूम चालू. तर गाणं थांबायचं तिथे आमच्याकडे लूम वाजायचा. आम्हाला वाटलं, बँडच वाजवतोय… हो ना, हसा तुम्ही. आम्ही पण हसू थोड्या दिवसांनी.

आणि दादा, तुम्ही विचारलंत ना, हा खरंच ऐकतो का… माहितीये, मस्करीत. पण खरंच ऐकतो. एवढ्या आवाजात एवढं हळू गाणं ऐकायचं म्हणजे… नाही, बोलून नाही कळणार ते. एक काम करा. ते गाणं परत लावा, तिसऱ्या कडव्यापासून. मी खाली जातोय.

मुआज, शिडी उतरतोय रे… हो, ती तुटकी पायरी अजून तशीच. बाबा म्हणतात, पडशील तेव्हा बघू.

हां. दाराजवळच्या लूमपाशी आहे. याच्यावर सूत नाही चढवलेलं, रिकामाच चालवतो… बाबांना कळलं तर? कळणारच ना, हे काय मोबाइलसारखं सायलेंटवर थोडीच चालतं. शुक्रवारचा लूम ऐकून अख्खं कामतघर दारात येईल, म्हणतील कोणाला काय झालं.

गाणं लागलं?… थांबले की सांग… सांग हं… थांबले?

घे!

येतंय का ऐकू?… काय?… मला काय ऐकू येत नाही!… मुआज! फोन जवळ धरलाय, बघ!… काय?… हो!… काय विचारतोयस माहीत नाही, पण हो!

न्हाय बाबा!… काय न्हाय झालंय!… बघत व्हतो चालतंय का!… शुक्रवार हाय, ठाव हाय मला!… भूत न्हाय, मीच हाय!… करतो ना बंद!

…

बंद केला. हॅलो?… मुआज?

कोण… मृणालीताई. तो कुठेय?… टाळ्या वाजवतोय? अजून? मी तर लूम बंद केला… गाणं पण संपलं?… आणि कोण?… सगळेच? दादा पण?

कशी वाजवतायत?… दोन, मग जरा थांबून एक?… बरोबर. एकदम बरोबर. आमचा हा लूम जरा लंगडतो, तसाच ठेका आहे तो.

नाही, नाही… बोलवू नका त्याला. वाजवू द्या… निरोप कसला? काही नाही. पुढच्या शुक्रवारी पण बोलवाल ना त्याला?… हां. लाजेल, नको म्हणेल, दोनदा विचारा. एकटा असला की बिस्किटावर भागवतो.

मी?… मी मजेत. इथे एकदम शांत आहे आता. तुमच्याकडचा आवाज येतोय ना फोनमधून, चांगला येतोय… त्याचा वेगळा ओळखू येतो मला. बाकीच्यांच्या जरा पुढे पळतोय बघा… शाळेत पण असाच पळायचा.

ताई, ठेवतो मी… राग नाही हो, राग कसला. मला पण टाळी वाजवायचीये, आणि फोन हातात धरून ते जमत नाहीये. ठेवतो हां.