खुणेचं कुंकू

— नाही, आई, उठू नका. चहा मला नकोय आणि तुम्हालाही नकोय, तुम्ही चहाचं नाव नुसतं उठायला काढलंत. वाती वळत बसा. हे बॅटरी आणायला तलावाकडच्या दुकानात गेलेत, तिथे कोणीतरी भेटेलच, ह्यांना नेहमी भेटतं — तेवढ्यात मला बोलून घ्यायचंय. हो, मलाच. लग्न झाल्यापासून तुम्ही सगळ्या मेहरूणला सांगत असता, आमची सून भारी गरीब, तोंडातून शब्द निघत नाही. निघत नाही हे खरं. पण डोळे उघडे असतात ना, आणि परवापासून गाडीच्या बॉनेटखाली टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आहे. हात काळे होतात ते दुसऱ्याचे, टॉर्च धरणाऱ्याला फक्त दिसत राहतं.

तर त्या दातेरी चाकावर कुंकू तुम्हीच लावलंत ना? — नाही, लावलंत ते चांगलंच केलंत. घरात काही नवं आलं की तुम्ही लावता, मिक्सरला लावलंत, गॅसच्या नळीला लावलंत, मी आले तेव्हा मला लावलंत, आम्ही सगळे एकाच रांगेतले. आणि आबांच्या मागे राहिलेली त्यांची गाडी, अशी पोट उघडं टाकून अंगणात पडलेली, तिला कोणाची नजर लागू नये — कोण नाही म्हणतं? पण त्या चाकावर आधीच एक लाल ठिपका होता, आई. नेलपॉलिशचा. जुना पट्टा काढायच्या आधी ह्यांनी एक ठिपका चाकाच्या दातावर दिला आणि दुसरा त्याच्या बरोबर समोर, इंजिनाच्या अंगावर. नवा पट्टा चढवताना हे दोन ठिपके समोरासमोर आले की झालं, वरचं आणि खालचं जुळलं. मोबाइलमधला तो माणूस म्हणत होता पांढरा रंग घ्या. घरात पांढरं काय, तर चुना, तो तेलकट लोखंडावर धरेना. मग माझी बाटली घेतली, रुखवतात आलेली. खरं सांगू, मला बरं वाटलं. ह्या घरात माझ्या एखाद्या वस्तूवाचून पहिल्यांदा कोणाचं तरी अडलं होतं.

मग हे पट्टा आणायला धुळ्याला गेले, इथे ह्या गाडीचा मिळेना म्हणून. संध्याकाळी परत आले तेव्हा ठिपका होता. लालच होता. फक्त चार दात पुढे होता.

ह्यांना कळलं नाही. कसं कळणार — लाल ते लाल. दिवसभर एसटीत उभं राहून आलेला माणूस, आला तसा कामाला लागला. पण नेलपॉलिश टॉर्चमध्ये चमकते आणि कुंकू नुसतं बसून राहतं, तेलात कालवलेलं असलं तरी. मी म्हटलं, अहो, हा ठिपका चमकत नाहीये. तर म्हणाले, तू फक्त टॉर्च धर. मी धरला. ते पलीकडे पाना शोधायला वाकले तेव्हा मी ठिपक्याला बोट लावून पाहिलं. बोट लाल झालं.

आता कुंकू लावायच्या आधी तुम्ही चाक पुसलं असेल, एवढं मलाही समजतं. पण नेलपॉलिश फडक्याने जात नाही ना. रॉकेलनेही जात नाही. ती जाते त्या छोट्या बाटलीतल्या उग्र वासाच्या पाण्याने, आणि त्या बाटलीचं झाकण मी घट्ट लावते, नाहीतर उडून जातं. काल सैल होतं. न्हाणीतल्या तारेवरच्या फडक्याचाही मी वास घेतला — हो, घेतला, काय करू. तुम्ही तर नखं रंगवत नाही.

मुद्दाम? मी कुठे म्हटलं मुद्दाम? तो शब्द तुमच्या चेहऱ्यावर आला, मी अजून उच्चारला नाहीये.

मला वाटतं ते सांगते, चुकलं तर सांगा. तुम्हाला वाटलं, गाडी चालू होणार नाही, एवढंच. रुसेल. हे पाने आपटतील, कंटाळतील, धुळ्याच्या त्या ऑफिसला सोमवारपासून गाडी लावायचं ठरलंय ते बारगळेल, आणि ह्यांचं केळीच्या वखारीवरचं काम आहे तसं चालू राहील, आणि आपण तिघं आहोत तसे इथे राहू. तुमची ती वात किती लांब झालीय पाहा. समई किती एवढीशी आपली.

पण गाडी रुसत नाही, आई. ती मोडते. आपण खलबत्त्यात मिरच्या कुटतो ना — तुम्ही बत्ता मारता आणि मी बोटांनी मिरच्या आत सारते. तुमचा बत्ता वर गेला की माझा हात आत, बत्ता खाली यायच्या आत माझा हात बाहेर. आजवर माझं बोट चेचलं नाही, कारण आपल्या दोघींचा ताल जमतो. बोलणं जमत नाही, ताल जमतो. इंजिनात तसंच आहे. खालून बत्ता वर येतो, वरून हात खाली येतात, आणि दोघांचा ताल सांभाळतो तो पट्टा. तो आता चार दात पुढे बसलाय, म्हणजे हात आत असताना बत्ता येणार. किल्ली फिरवली की सगळी बोटं जागच्या जागी चेचणार. मग ती गाडी धुळ्यालाही जाणार नाही आणि मेहरूणलाही राहणार नाही, भंगारवाला घेऊन जाईल. आबांची गाडी. जिच्या सीटवर तुम्ही अजून कोणाला ओलं बसू देत नाही, ती.

आता बघितलंत माझ्याकडे.

गाडी वाचेल अजून. तो मोबाइलमधला म्हणत होता, चालू करायच्या आधी पाना लावून हाताने दोन फेरे फिरवा, अडकलं तर तिथेच थांबा, नुकसान नाही. लग्नात सात घेतले, इथे दोन घ्यायचे तर ह्यांना सवड नाही. आणि सकाळी तुम्हीच म्हणालात — मी पोळ्या लाटत होते, मला ऐकू येतं — "फेरा कसाले? देवनं नाव ले अन् चालू कर." देवाचं नाव घ्यायला लावलंत हो, आई. त्याला का मध्ये ओढलंत?

मी सांगू ह्यांना? मीच सांगायला हवं, असं कोणीही म्हणेल. पण काय सांगू — तुमच्या आईने माझ्या बाटलीतलं पाणी काढून खूण पुसली? तुम्ही सांगितलंत तर ती चूक ठरेल, मी सांगितलं तर चहाडी. ह्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं मोठं वाक्य ते असेल. मग धुळ्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि मध्ये ते वाक्य. नको. त्यासाठी का मी एवढं ह्यांच्या मागे लागून —

म्हणजे, हे म्हणाले म्हणून. धुळ्याचं ह्यांनीच काढलं ना.

...

बरं. ह्यांनी नाही काढलं. मी काढलं. झालं समाधान? त्या ऑफिसात माझ्या मैत्रिणीचा नवरा आहे, गाडी हवीय असं तिनेच सांगितलं, आणि मी ह्यांच्या कानात घातलं, थोडं थोडं, जेवण वाढताना, आणि मग ह्यांना वाटलं आपल्यालाच सुचलं. तुम्ही म्हणता ना, बोलत नाही. बोलते मी. ज्याला ऐकू येणार नाही असं बोलते. तुम्ही पुसता ते निदान वासावरून कळतं.

तुमच्यापासून पळायचं म्हणून नाही. — थोडं म्हणून. तुम्ही माझ्या वेणीला हात लावून तेल बरोबर लागलंय का बघता, तेव्हा मला वाटतं मी तारेवर घातलेलं लुगडं आहे, वाळलंय का बघतात तसं. आणि तरी तुम्हाला ताप आला तेव्हा तुम्ही झोपेत माझाच हात धरलात, ह्यांचा नाही, तेही मला दिसलं. दोन्ही दिसतं, हाच त्रास आहे. धुळं तर तुमचं माहेर. तरी नाव काढलं की "बठ्ठं धुळं देखेल शे मन्हं" म्हणून, सगळं पाहून झाल्यासारखं तोंड फिरवता. कोणी बोलावलंच नाही म्हणून का? मी बोलावणार होते. अजून नीट ठरवलं नव्हतं, पण खोल्या बघताना मी ह्यांना म्हटलं होतं, न्हाणीघराला पायरी नको, आईंचा गुडघा दुखतो. विचारा ह्यांना.

आता ऐका. काल ह्यांना बॅटरी उतरलीय म्हणून चिडचिड झाली, ती आपोआप उतरली नव्हती. मी दिवा लावून ठेवला होता आतला. मला एक दिवस हवा होता, तुम्ही काही बोलताय का ते बघायला. तुम्ही बोलला नाहीत. मग आज गाडीची किल्ली काढून मी देवघरात ठेवली. तुमच्या कुंकवाच्या करंड्यात. तिथे तुमच्याशिवाय कोणी हात घालत नाही. कोणाच्या हातात द्यायची, कधी द्यायची, देण्याआधी काय सांगायचं, ते आता तुमच्यावर — "अरे, कुंकू लावताना तुझा तो ठिपका पुसला रे माझ्याकडून, एकदा बघून घे" — बस, एवढंच. मी शपथेवर सांगते, त्या पाण्याच्या बाटलीचा विषय ह्या घरात परत निघणार नाही. आणि तुम्ही धुळ्याचं कोणी काढलं ते —

गेट वाजलं.

वाती खाली पडल्या तुमच्या. राहू द्या, मी उचलते. तुम्ही उठा. — आई, उठा ना.

— आलात? ठेवा तिथेच, जड असेल. हो, जोडा. काय शोधताय, किल्ली? माझ्याकडे नाहीये. आईंकडे आहे, देवघरातून आणताहेत. आणि थांबा जरा, आई तुम्हाला काहीतरी सांगणार आहेत म्हणे त्याआधी.

मला काय माहीत काय ते. मी फक्त टॉर्च धरते.